मोठ्या माणसांची सोंगं

माझी एक भाची अमेरिकेत फ्लोरिडात राहते. वय चाळीसच्या पुढे, दोन लेकरांची आई, नोकरी कॉम्प्युटरची. मागच्या डिसेंबरात सगळे मिळून डिस्नेच्या बागेत गेले आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आले. निळं पोलकं, पिवळा घेरदार घागरा, केसांत लाल फीत. हे रंग स्नो व्हाइटचे, म्हणजे आपल्या हिमगौरीचे. जावईबापूंच्या डोक्यावर सात बुटक्यांपैकी कुणाच्या तरी टोपीसारखी टोपी. फोटो पाहून माझ्या बहिणीचा, भाचीच्या आईचा, लगेच फोन. "दादा, तू जन्मभर इतिहास शिकवलास ना? मोठ्या माणसांनी असली सोंगं करायची असतात का? कुठे लिहिलंय का तसं?"

प्रश्न रागाचा होता, पण मला तो आवडला. आणि शोधायला बसलो तर खरंच लिहिलेलं सापडलं. तेही खुद्द डिस्नेनेच.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी सुरू झालं. तिथे पगारी माणसं मिकी, हिमगौरी, सिंड्रेला होऊन हिंडतात, पोरांना जवळ घेतात, वहीवर सह्या करतात. अमेरिकेतल्या त्यांच्या बागांचा नियम असा, की चौदा वर्षांच्या आणि त्यापुढच्या पाहुण्यांनी अशा पात्रांचा पूर्ण पोशाख करून आत यायचं नाही. हॅलोविनच्या वेगळ्या तिकिटाच्या कार्यक्रमांना सवलत, पण तिथेही पात्र असल्याचा आव आणून सह्या देत बसायचं नाही. कारण उघड आहे. एखाद्या लेकराला पाहुणीच खरी हिमगौरी वाटली आणि ते तिच्या मागे चालू लागलं तर जबाबदारी कुणाची?

म्हणजे बागेत सोंग आहे, पण ते घेण्याचा हक्क नोकरीवर असलेल्यांचाच. बाकीच्यांनी तिकीट काढून बघायचं.

पण माणूस ऐकतो होय? लोकांनी वाट काढली. पूर्ण पोशाख नको, नुसते रंग आणि एखादी खूण घ्यायची. साधा बाजारात मिळणारा घागरा, साधं पोलकं, पण बघणाऱ्याच्या लक्षात यावं. लेस्ली के नावाच्या एका बाईने २०११ मध्ये असे जोड इंटरनेटवर मांडायला सुरुवात केली आणि त्याला 'डिस्नेबाउंडिंग' हे नावही पडलं. आता मोठी माणसं आठवडाभर आधी कपाटं धुंडाळतात म्हणे. जपानी लोक आणखी मोकळे. टोकियोचं डिस्नेलँड १९८३ ला सुरू झालं, तिथे हॅलोविनच्या मोसमात ठरावीक दिवशी मोठ्यांनाही पूर्ण पोशाखाची मुभा दिली जाते. आपल्या मुंबईतही गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॉमिक कॉनच्या मेळाव्याला बँकेतली आणि कंपनीतली मंडळी राक्षस नि योद्धे होऊन जातात.

बहिणीला मी आधी एवढंच सांगितलं, की तुझी लेक नियमात बसते. तिचं समाधान झालं नाही. मग मी तिला आमच्या आजीची गोष्ट सांगितली.

आजीचं माहेर पुण्याकडचं. ती लग्न होऊन निजामाच्या मुलखात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक नऊवारी होती, ती नेसण्याची तिची एक खास तऱ्हा होती, आणि अंबाड्यात गजरा माळण्याचीही. ही तऱ्हा तिने आईकडून घेतली नव्हती. ती घेतली होती एका पुरुषाकडून. बालगंधर्व! नारायण श्रीपाद राजहंस, १८८८ ते १९६७. 'मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आलं, त्यातली भामिनी. १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. १९१९ च्या 'एकच प्याला'तली सिंधू. या भूमिकांत ते जसे नेसत, जसा पदर घेत, जशी फुलं माळत, तसं घरंदाज बायका नेसू आणि माळू लागल्या. हे पुष्कळ ठिकाणी नोंदलेलं आहे. आता मला सांगा, नाटकातली रुक्मिणी पाहून तिच्यासारखा पदर घेऊन देवळात जाणं, आणि हिमगौरीच्या रंगाचा घागरा घालून बागेत जाणं, यात फरक तो काय? एवढाच, की आमच्या आजीला कुणी 'सोंग' म्हटलं नाही. पुढे २०१३ नंतर 'होणार सून मी ह्या घरची'तल्या जान्हवीच्या मंगळसूत्राने तेच केलं. माझ्या बहिणीकडेही ते आहे. हे मी फोनवर बोललो नाही, इथे लिहितो. वाचेलच ती.

तर पात्राची छटा अंगावर घेणं ही मोठ्या माणसांची जुनी सवय. पण अंगभर सोंग? पूर्ण रंग फासून, दुसराच कुणी होऊन चारचौघांत जाणं? तेही आपल्याकडे होतं, आणि पोरासोरांचं नव्हे, मिशीवाल्या गड्यांचं होतं.

समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा दाखला दिलाय. खेळात ज्या देखण्या बायका येतात त्या मुळात राकट बाप्येच असतात, हे त्यांनी सतराव्या शतकात टिपून ठेवलंय. त्याच्याही आधी पैठणचे एकनाथमहाराज. पैठण ते गंगाखेड एकच गोदावरी, म्हणून नाथ आम्हाला परके नाहीत. त्यांच्या भारुडांत बोलतो कोण? वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, विंचू चावलेला माणूस. आमच्या भागात सोंगी भारूड म्हणजे हे नुसतं गायचं नाही, तसं नटून उभं राहायचं. दिवसभर औत हाकलेला माणूस रात्री लुगडं नेसून उभा राहायचा आणि समोर त्याचे जावई नि व्याही बसलेले असायचे. कुणाला काही वाटत नसे.

आणि मोहरम. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाकडे होता. गावोगाव सवाऱ्या बसत, अलावा पेटे, आणि त्यात हिंदूंची घरं तितक्याच भक्तीने उतरत. लेकरू जगावं, दुखणं जावं म्हणून नवस बोलायचा आणि मोहरमच्या दिवसांत फकीर व्हायचं, नाहीतर वाघ व्हायचं. वाघ म्हणजे अंगाला पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागे शेपूट, आणि हलगीच्या तालावर झेप. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५०-६० च्या दशकात, आमच्या गावात वाघ होणारे एक गृहस्थ चार एकरांचे कुणबी होते. वर्षभर अगदी अबोल. वाघ झाले की पोरांच्या अंगावर असे यायचे की आम्ही ओट्यावरून उड्या टाकायचो.

हे एकट्या आमच्या गावाचं खूळ नव्हतं. जाफर शरीफ नावाच्या दख्खनी मुसलमान लेखकाचं 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक डॉ. हर्क्लॉट्सने इंग्रजीत करून १८३२ मध्ये लंडनला छापलं. त्यात मोहरमच्या सोंगांची लांबलचक यादी आहे. वाघ आहे, लैला आहे, मजनू आहे. लैला-मजनू म्हणजे गोष्टीतली पात्रंच की! १८३२ मध्ये दख्खनच्या रस्त्यावर मोठी माणसं गोष्टीतली पात्रं होऊन हिंडत होती, तेव्हा डिस्नेलँडला अजून सव्वाशे वर्षं अवकाश होता. शाळेत हे शिकवायला मिळालं असतं तर वर्गात एक पोरगा झोपला नसता. पण पुस्तकात सनावळ्याच.

आता मुख्य गोष्टीवर येतो. हे सगळे हौसेचे नाहीतर नवसाचे सोंगाडे. चार दिवस सोंग, मग रंग धुतला की परत शेतावर. पण ज्यांचा धंदाच सोंग होता, बापाकडून लेकाकडे आलेला, ते बहुरूपी. आमच्याकडे त्यांना रायरंद म्हणायचे, कुठे भोरपीही म्हणतात. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी आहेत.

बहुरूपी म्हटलं की लोकांना बहिर्जी नाईक आठवतात. सभासदाच्या बखरीत बहिर्जीचं नाव येतं, सुरतेची खबर त्याने आणली असंही येतं. वेषांतराच्या ज्या रंगतदार कथा आपण ऐकतो त्या मात्र बऱ्याचशा मागाहून रचलेल्या. कथा म्हणून मला त्या आवडतात. पण हेराचं काम आणि बहुरूप्याचं काम यांत एक मोठा फरक आहे. हेर सोंग शेवटपर्यंत उघडं करत नाही. बहुरूप्याची सगळी कमाई ते उघडं करण्यात. आधी फसवायचं, पाच-दहा मिनिटं गाव खरंच घाबरलं पाहिजे, मग हसवायचं, आणि मग मागायचं.

आमच्याकडे सुगीच्या दिवसांत रायरंद यायचा. मारुतीच्या पारापाशी खाकी सदरा, खाकी अर्धी चड्डी, पट्टा, पायात खिळे मारलेले बूट, हातात वेताची छडी. खिशातून मळका कागद काढून मोठ्याने वॉरंट वाचायचा. अमक्या पाटलांनी गेल्या साली आपल्या बायकोला जत्रेला नेलं नाही, सबब त्यांना वस्त्रांसह अटक करण्यात येत आहे! पाटील खोटं खोटं चिडायचे. नव्या सुना मात्र खरंच दार लावून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी तोच माणूस मारवाडी होऊन थकबाकी मागायला यायचा, तिसऱ्या दिवशी गरोदर बाई होऊन नवऱ्याचा पत्ता विचारायचा. शेवटच्या दिवशी आपल्या खऱ्या कपड्यांत, साध्या धोतरात, घरोघर. तेव्हा प्रत्येक घरातून सूपभर ज्वारी. दिलं की तो घरातल्या पूर्वजांची नावं घेऊन दुवा द्यायचा. आमच्या पणजोबांचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते त्याच्या तोंडून.

हे फुकट होतं असं कुणी समजू नये, आणि सगळ्यांना ते गोड वाटत होतं असंही नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. आत्रे महसूल खात्यातले, गाव आतून पाहिलेले. फिरस्त्यांवर त्यांनी पुष्कळ लिहिलंय आणि ते कौतुकाचं नाही. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरतात, त्याचा त्यांनी हिशेबच मांडलाय. मी तरुणपणी वाचलं तेव्हा आत्रे मला कठोर वाटले होते. आज वाटतं, कुणब्याच्या बाजूने बोलणारा कुणीतरी हवाच होता. पण सोंग पाहून पोट धरून हसणारा कुणबीही त्या गावगाड्यात होता, तो आत्र्यांच्या हिशेबात कमी दिसतो.

खळंच गेलं, तिथे सगळं फिरलं. ज्वारीची रास आठ-आठ दिवस खळ्यावर पडलेली असे, म्हणून देणं होत असे. राशीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. मग मळणीयंत्र आलं, पोती थेट घरात. १९७२ च्या दुष्काळात तर गावच खडी फोडायला गेलं होतं, सोंग कुणाला दाखवणार? आणि १९९० नंतर आमच्या जिल्ह्यात सोयाबीन पसरलं. सोयाबीन शेतातून निघतं ते आडतीवर जातं, भाव येतो, बँकेत वळतो. सूपभर सोयाबीन कुणी कुणाला दान दिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते घेऊन तो बापडा करणार तरी काय? भाकरी होत नाही त्याची.

दुसरी अडचण कायद्याची. १८६० च्या भारतीय दंड संहितेत १७१ वं कलम होतं. सरकारी नोकर नसताना त्याचा गणवेश घालायचा, आणि आपण खरेच नोकर आहोत असं लोकांना वाटावं हा त्यामागचा हेतू असायचा, तर शिक्षा. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही २०५ क्रमांकाने ते आहे. लबाडांसाठी हे कलम हवंच, तोतया इन्स्पेक्टर होऊन म्हाताऱ्या बायकांचे दागिने नेणारे परभणीतही कमी नाहीत. पण रायरंदाच्या बाजूने पाहा. लोकांना घडीभर खरं वाटावं हाच तर त्याचा हेतू! खरं वाटलंच नाही तर तो कलावंत कसला? जुने फौजदार समजून घ्यायचे. रायरंद आधी ठाण्यात जाऊन नोंद करायचा, तिथे चार विनोद करायचा, मग गावात शिरायचा. म्हणजे त्यालाही बागेच्या फाटकावर परवाना लागायचाच.

आणि १९५९ साली, आमचा मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात असताना, भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यातली भिकेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं हीसुद्धा भीकच. एका ओळीत वासुदेव, जोशी, डोंबारी आणि बहुरूपी सगळे भिकारी झाले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे फुटपाथ असतील, आमचा मारुतीचा पार नसेल. पण कागद सगळ्यांना सारखाच.

इथवर गंमत-जंमत होती असं म्हणता येईल. पुढचं लिहिताना हात जड होतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत त्या गावात आलेली होती. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पोचली होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जणांना मारून टाकलं.

ते बहुरूपी नव्हते, सोंगही घेतलेलं नव्हतं. पण पिढ्यानुपिढ्या ज्या वेशाकडे पाहून बायका पीठ घेऊन दारात यायच्या, तो वेश त्या दिवशी कामाला आला नाही. आपल्याला वाटतं अफवा मोबाईलने मारते. मला वाटतं, त्याच्या आधी एक गोष्ट होऊन गेलेली होती. दारात आलेला माणूस कोण, कुठला, कशासाठी हे वेश ओळखून सांगणारी म्हातारी माणसं घरात उरली नव्हती. आमच्या आजीने सदऱ्याच्या बटणांवरून सांगितलं असतं, की बाई गं, हा रायरंद, शिपाई नव्हे.

डिस्नेवाल्यांनाही भीती लेकरांचीच आहे, राईनपाड्यालाही लेकरांचीच होती. तिथे ती भीती फाटकावरच्या एका पाटीत मावते. पाहुणा पोशाख करून आला तर त्याला बदलून यायला सांगतात, फार तर परत पाठवतात, आणि तो घरी जाऊन चिडतो. आपल्याकडे पाटी नव्हती, ओळख होती, आणि ती गेल्यावर मध्ये काहीच उरलं नाही. माझ्या भाचीने हौसेने घागरा घालावा, खुशाल घालावा, तिचं मला कौतुकच आहे. बहिणीला मी तसं बजावून सांगितलंय. फक्त सोंगं कुणी करायची असतात का, असं विचारताना, ज्यांनी हजार दारांत उभं राहून ती केली त्यांचं काय झालं हेही घरात बोललं जावं, म्हणून हे एवढं लांबलं.

यंदाच्या माघात आमच्या परभणीच्या गल्लीत एक रायरंद आला होता. बऱ्याच वर्षांनी. मारुतीचं सोंग. पत्र्याचा मुकुट, शेंदरी बंडी, फोमची गदा. मारुतीचं रूप टीव्हीवरच्या 'रामायणा'तलं, १९८७-८८ चं. गल्लीतल्या लहान मुलांनी फोटो काढून घेतले. मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, पूर्वी तुमच्यात पोलीस व्हायचे, आता होत नाहीत का? त्याने आधी बंडीच्या आतून आधार कार्ड काढून मला दाखवलं. मी मागितलं नव्हतं. मग म्हणाला, "गुरुजी, माझा बाप खाकी घालायचा. मी सोडली. मारुतीला कुणी मारीत नाही."

बापाचा तो खाकी सदरा अजून घरी आहे म्हणाला, पेटीत. वडील असताना गंगाखेडच्या बाजूची गावं त्यांच्याकडे होती, आता भाऊबंदांत वाटून तीन गावं उरलीत. लेक बारावीला आहे, त्याला खरोखरच्या पोलीस भरतीला बसायचंय, रोज पहाटे पळतो. बायकोने आतून सूपभर ज्वारी आणली. त्याने ती पिशवीत ओतून घेतली, आमच्या घराण्याची नावं विचारली, कारण त्याला ती माहीत नव्हती, आणि मी सांगितलेली नावं घेऊनच दुवा दिला. मग मुकुट काढून मोटारसायकलच्या हँडलला अडकवला, शेपूट कमरेला गुंडाळली आणि वसमत रोडच्या बाजूने निघून गेला.